पाच टक्के जकात आणि ‘समान सवलतीं’ची थाप

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने तिच्या अभ्यासगटात फिरणारा एक मजकूर मला पाठवला आणि तो टिपणात उतरवून घेऊ का, असे विचारले. मजकुराचा सारांश असा: पहिल्या अफू युद्धानंतर ब्रिटन आणि चीन यांच्यात झालेल्या १८४२ च्या नानकिंग तहाने चीनमधील मनमानी जकात संपून ५ टक्क्यांचा दर आला, दोन्ही देशांना समान सवलती मिळाल्या, अफूचा व्यापार कायदेशीर झाला, ब्रिटिशांनी चीनचे कस्टम्स खाते स्वच्छ केले आणि १९४९ मध्ये माओने हे सारे मोडीत काढले. तहाची कलमे अवघी १३ आहेत. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ती उघडून पाहिलेली दिसत नाही.

‘समान सवलती’ हा यातला सर्वांत निर्लज्ज दावा. तहाच्या दहाव्या कलमात पाच बंदरांवर ‘न्याय्य आणि नियमित’ आयात-निर्यात जकात ठरवण्याचे बंधन आहे, पण ते केवळ चीनच्या सम्राटावर. ब्रिटनने चिनी मालावर किती जकात घ्यावी, याविषयी तहात एक अक्षर नाही. परिणामी, चीनची जकात १८४३ च्या दरपत्रकाने साधारण ५ टक्क्यांच्या आसपास जखडली गेली, तेव्हा ब्रिटन मात्र चिनी चहावर वजनाच्या एका पौंडामागे दोन शिलिंगांहून अधिक कर घेत होते, म्हणजे साध्या काळ्या चहाच्या मूळ किमतीपेक्षाही जास्त. त्याच वर्षीच्या पूरक तहाने आणखी एक पाचर मारली: चीन इतर कोणत्याही राष्ट्राला जी सवलत देईल, ती ब्रिटिशांना आपोआप मिळेल. चीनला उलट दिशेने असे काहीच मिळाले नाही. १८४४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनीही हेच पदरात पाडून घेतले, त्यामुळे एकाला दिलेली सूट सर्वांची होऊन बसली.

शिवाय हा दर खऱ्या अर्थाने ५ टक्केही राहिला नाही. जकात मालाच्या चालू किमतीवर नव्हे, तर वजनामागे किंवा नगामागे ठरावीक चांदीत मोजली जात असे, आणि १८५८ चे दरपत्रक थेट १९०२ पर्यंत बदलले नाही. मधल्या काळात किमती वाढत गेल्या, तसा प्रत्यक्ष दर खाली घसरत गेला. १८५८ च्या तिएनत्सिन तहानुसार परदेशी मालाने आणखी अडीच टक्के भरून दाखला घेतला, की देशांतर्गत नाक्यांवरील ‘लिजिन’ कर माफ होई. मुंबईच्या गिरण्यांतले सूत शांघायला उतरून हा दाखला घेऊन आत जाऊ शके, तर चिनी व्यापाऱ्याचा देशी माल नाक्यानाक्यावर थांबून पैसे मोजत राही. स्वतःच्याच देशात देशी माल महाग पाडणाऱ्या या व्यवस्थेला मुक्त व्यापार म्हणायला विशेष धाडस लागते.

अफूविषयीचा दावा तर साफ खोटा आहे. नानकिंग तहात अफूचा उल्लेख येतो तो चौथ्या कलमात, १८३९ मध्ये चीनने जप्त केलेल्या अफूची भरपाई म्हणून वसूल केलेल्या ६० लाख डॉलरांच्या संदर्भात. अफूची आयात कायदेशीर झाली ती दुसऱ्या अफू युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५८ मध्ये शांघायला झालेल्या दरपत्रकाच्या कराराने, सुमारे ६० किलोमागे ३० टेल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) चांदी या दराने. मधली सोळा वर्षे ही उघड तस्करीच होती, आणि तिचा मोठा भाग मुंबई बंदरातून जात असे. सर जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीतही या व्यापाराचा वाटा होता. चीनने जकात कमी ठेवावी म्हणून तोफा डागणाऱ्या याच सत्तेने माळव्याहून मुंबईकडे येणाऱ्या अफूवरचे स्वतःचे परवाना-शुल्क मात्र, १८४३ मध्ये सिंध जिंकून मुंबईला टाळून कराचीमार्गे अफू नेण्याची आडवाट बंद झाल्यावर, पेटीमागे १२५ रुपयांवरून १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर नेले.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. कँटन (आजचे ग्वांगझू) बंदरात मूळ जकातीवर अधिकाऱ्यांच्या वरकड वसुल्या खरोखरच बेसुमार होत्या, आणि १८६३ पासून रॉबर्ट हार्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली चिनी कस्टम्स खाते बरेच चोख चालले. परंतु हिशेब चोख असला, तरी दर वाढवण्याचा अधिकार पेकिंगला, म्हणजे चिनी सरकारला, नव्हता. आणि १९०१ मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर ४५ कोटी टेलांची खंडणी लादली गेली, तेव्हा हेच चोख उत्पन्न तिच्यासाठी तारण पडले.

माओचा तर येथे संबंधच नाही. जकात ठरवण्याचा अधिकार चीनने माओच्या आधीच्या, चिआंग काय-शेकच्या राष्ट्रवादी सरकारच्या काळात परत मिळवला: अमेरिकेने तो १९२८ च्या करारात मान्य केला, नवे दरपत्रक १९२९ मध्ये लागू झाले आणि सर्वांत शेवटी, १९३० मध्ये, जपानने मान तुकवली.