‘बॉक्सिंग असतं तर विनेश लढली असती’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

विनेश फोगाटचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १०० ग्रॅमसाठी कुणाला घरी पाठवत नाहीत. तिथे वजन आदल्या दिवशी, एकदाच होतं. काटा चुकला तर दोन तास मिळतात आणि तरीही नाही जमलं तर दंड भरून लढता येतं. उतरवलेलं वजन नुसतं पाणी असतं, रात्रीत परत येतं. दोघंही तेच करतात, म्हणजे अन्याय कुणावरच नाही. थोडक्यात, माणुसकीचा नियम बॉक्सिंगचा.

७ ऑगस्ट २०२४ची ती पॅरिसची सकाळ, १०० ग्रॅम जास्त भरल्याने विनेश ऑलिंपिकमधून बाद झाली ती, आठवली की मलाही अजून वाईट वाटतं. पण कुस्तीच्या नियमाचा राग आला म्हणून बॉक्सिंगच्या नियमाची आरती ओवाळायची, हे काही पटत नाही. त्या खेळातली वजनं मी बरीच वर्षं बघतो आहे. तिथे माणुसकी कमी आणि वाटाघाटी जास्त.

मुळात तुलनाच चुकीच्या खेळाशी आहे. विनेशचं वजन ६ ऑगस्टला सकाळी ४९.९ किलो भरलं होतं, म्हणजे ती ५० किलोत बसली. त्याच दिवशी तिने तीन कुस्त्या मारल्या, खाल्लं-प्यायली, संध्याकाळी काटा ५२.७वर गेला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन द्यायचं होतं. व्यावसायिक बॉक्सर वर्षातून दोन-तीनदा, एका वेळी एकच लढत लढतो. स्पर्धेच्या खेळाशी जुळवायचंच तर ऑलिंपिकचं बॉक्सिंग घ्या. तिथे ज्या दिवशी लढत त्या सकाळी वजन. २०१८ साली पोलंडमधल्या स्पर्धेत मेरी कोम पहाटे पोहोचली तेव्हा तिचं वजन दोन किलो जास्त होतं. साडेसातला काट्यावर उभं राहायचं म्हणून तासभर दोरीउड्या मारून तिने ते उतरवलं आणि मग सुवर्णपदक घेतलं. तिला तिथे आदला दिवस मिळाला नव्हता.

‘एकदाच वजन’ हेही सरसकट खरं नाही. आयबीएफ या संघटनेच्या जेतेपदाच्या लढतीत दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन होतं आणि तेव्हा मर्यादेपेक्षा १० पौंडांहून, म्हणजे साडेचार किलोंहून, जास्त भरून चालत नाही. २०१७च्या मार्चमध्ये गोलोव्किनविरुद्धच्या लढतीआधी डॅनियल जेकब्ज त्या दुसऱ्या वजनाला गेलाच नाही. लढत झाली, पण आयबीएफच्या जेतेपदाच्या पट्ट्यावरचा त्याचा हक्क गेला. डब्ल्यूबीसी ही बॉक्सिंगची दुसरी संघटना लढतीच्या ३० आणि ७ दिवस आधीही वजन मागते. इतरत्र दोन बाजू करारातच असं कलम घालतात आणि ते बहुधा ज्याचं नाव मोठं, त्याच्या सोयीचं असतं.

आता १०० ग्रॅम. एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमवर क्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांची लढत झाली. मर्यादा १६० पौंड. युबँक भरला १६०.०५. हा वरचा फरक काढला तर २३ ग्रॅमच्या आसपास येतो, पोह्यांची मूठभरसुद्धा नाही. त्याला दंड झाला पाच लाख डॉलरचा. त्याला घरी पाठवलं नाही, हे फॉरवर्डचं म्हणणं खरं. पण दुसऱ्या सकाळी १७० पौंडांच्या आत भरण्याची अटही करारात होतीच. दोन्ही काट्यांतून गेलेला तो माणूस बारा फेऱ्या लढला, जिंकला आणि तिथून रुग्णालयात गेला. यात सवलत कुठे दिसते ते मला कुणीतरी दाखवावं.

‘दंड भरा आणि लढा’ या वाक्यात मात्र सगळ्यात मोठी गफलत आहे, कारण त्यात समोरचा माणूसच नाही. दिएगो कोरालेस आणि होसे लुईस कॅस्टियो यांचं उदाहरण घेऊ. ७ मे २००५ला लास वेगासमध्ये त्यांची पहिली लढत झाली. दहाव्या फेरीत कोरालेस दोनदा खाली पडला, उठला आणि त्याच फेरीत जिंकला. ज्यांनी पाहिली त्यांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. ऑक्टोबरमध्ये परतीची लढत ठरली, मर्यादा १३५ पौंड. वजनाच्या वेळी कॅस्टियोच्या गोटातल्या डॉक्टरने काट्याखाली पाय घालून वजन हलकं दाखवायचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला. शेवटी कॅस्टियो भरला साडेतीन पौंड जास्त. आता कोरालेसपुढे काय होतं? तिकिटं विकली गेलेली, टीव्हीचे पैसे आलेले, महिनोन्‌महिने तयारी झालेली. नाही म्हणायचं तर मानधन सोडा, हो म्हणायचं तर तुमच्यासारखं वजन उतरवून न सुकलेल्या माणसासमोर उभे राहा. तो हो म्हणाला. चौथ्या फेरीत कॅस्टियोने त्याला झोपवला.

जून २००६ला तिसरी लढत ठरली. या वेळी कॅस्टियो साडेचार पौंड जास्त. कोरालेसने नकार दिला, लढत रद्द झाली, नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने कॅस्टियोला अडीच लाख डॉलर दंड केला आणि निलंबितही केलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, कासामायोरविरुद्धच्या लढतीआधी, स्वतः कोरालेसचा काटा मर्यादेच्या बराच वर गेला, पट्टा गेला आणि लढतही तो हरला. त्याच्याबद्दल वाटणारी सगळी सहानुभूती जागच्या जागी ठेवूनही हे सांगावंच लागतं. दंडाची रक्कम आधी माहीत असली की काही जण ती खर्चात धरतात. फ्लॉइड मेवेदरने २००९मध्ये मार्केसविरुद्ध १४४ची मर्यादा ठरवली, १४६ भरला, सहा लाख डॉलर मोजले आणि आरामात जिंकला. रायन गार्सिया २०२४मध्ये डेव्हिन हेनीसमोर १४० ऐवजी १४३.२ भरला आणि त्याने हेनीला तीनदा पाडलं. तो निकाल पुढे रद्द झाला, पण वजनामुळे नव्हे. बंदी असलेलं द्रव्य सापडलं म्हणून.

‘दोघंही उतरवतात, म्हणजे फिट्टंफाट’ हे गणित कागदावर छान दिसतं. २६ फेब्रुवारी २०००ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश लढले. आदल्या दिवशी मर्यादा १४१. लढतीच्या दिवशी एचबीओ वाहिनीने केलेल्या अनधिकृत वजनात गमाश १४५, गॅटी १६०. पंधरा पौंड, जवळजवळ सात किलोंचा फरक. त्याला लढत म्हणायचं तर म्हणा. दुसऱ्या फेरीत गमाश बेशुद्ध पडला, मेंदूला इजा झाली आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. तो राज्याच्या क्रीडा आयोगाविरुद्ध कोर्टात गेला. दहा वर्षांनी, २०१०मध्ये, न्यायाधीशांनी मान्य केलं की वजन घेण्यात आयोगाचा हलगर्जीपणा झाला. भरपाई मात्र शून्य.

उरलं ते ‘नुसतं पाणी’. हे अर्धं बरोबर आहे. शेवटच्या दोन दिवसांत उतरतं ते बहुतेक पाणीच: जेवण तुटतं, मीठ तुटतं, पाणी तुटतं, गरम पाण्याचा टब, सॉना, प्लास्टिकचा सूट. पण रात्रीत काट्यावरचा आकडा परत आला म्हणजे शरीर परत आलं, असं होत नाही. ऑस्कर डी ला होया डिसेंबर २००८मध्ये मॅनी पकियाओविरुद्ध सात वर्षांनी १४७च्या गटात उतरला. तो भरला १४५, म्हणजे मर्यादेपेक्षाही खाली. लढतीच्या रात्री तो १४७ होता आणि लहान म्हणवला जाणारा पकियाओ १४८.५. इतका मोठा हाडापेराचा माणूस आठ फेऱ्या नुसता मार खात राहिला आणि नवव्या फेरीला खुर्चीतून उठलाच नाही. वयही होतं, पकियाओही अफाट होता, पण पाय हलत नसल्याचं दिसत होतं. डॉक्टरांना याहून मोठी भीती मेंदूची असते, कारण पाणी तुटलेल्या शरीरात डोक्यावरचा ठोसा जास्त महागात पडू शकतो. चीनचा यांग जियान बिंग हा मिश्र युद्धकलेचा खेळाडू २०१५च्या डिसेंबरमध्ये मनिलात वजन उतरवतानाच गेला. ठोसा लागायच्या आधीच. त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या संघटनेने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी आणली आणि शरीरातल्या पाण्याची चाचणी सुरू केली.

तरी आदल्या दिवशी वजन घेण्यामागचा हेतू वाईट नव्हता, एवढं मान्य करायला हवं. १९८२च्या नोव्हेंबरमध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला दक्षिण कोरियाचा किम ड्युक-कू चार दिवसांनी वारला. १३५ पौंडांत बसायला त्याला फार कष्ट पडले होते आणि तेव्हा वजन लढतीच्याच दिवशी होत असे. त्यानंतर डब्ल्यूबीसीने पंधराच्या बारा फेऱ्या केल्या आणि शरीर सावरायला वेळ मिळावा म्हणून वजन आदल्या दिवशी घ्यायची पद्धत पुढे रुळली. झालं असं की सावरायला मिळालेल्या वेळेत बॉक्सर आणखी खाली उतरू लागले. म्हणून लढतीच्या सकाळीच वजन घ्या, एवढंही पुरत नाही. किम तेच करून गेला.

काही ठिकाणी वेगळी दिशा धरली गेली. १९९७च्या शेवटच्या दोन महिन्यांत अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना गेले, तेव्हा तिथल्या एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने सॉना आणि रबरी सूट बंद केले आणि वजन कुस्तीच्या अगदी जवळ आणलं. त्याच्या जोडीला, हंगामाआधीच शरीरातलं पाणी तपासून प्रत्येकाचा किमान गट ठरवायची पद्धत आणली. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने दुसरं टोक पकडलं: वजन दिल्यानंतर लढतीपर्यंत कुणी ठरलेल्या वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त परत भरला, तर लढत रद्द होऊ शकते. या हिशोबाने १४१वरून १६०वर गेलेला गॅटी वाढलाय साडेतेरा टक्के. तो तिथेही सुटला असता, फक्त पुढच्या वेळी वरच्या गटात जा असं सांगितलं गेलं असतं.