सोफोक्लीसला माफ, माझे मात्र गुण कापा

इंग्लंडमध्ये प्राचीन ग्रीक आणि लॅटिन शिकते मी, आणि कंपोझिशनचा पेपर आज परत आला. इंग्रजी भाषणाचा उतारा अ‍ॅटिक, म्हणजे जुन्या अथेन्सच्या ग्रीकमध्ये करायचा होता. जेनिटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे 'तो गेल्यावर' छापाची संस्कृतातली सती सप्तमीच पण षष्ठीत, ते बरोबर. ऑप्टेटिव्ह, म्हणजे क्रियापदाचं इच्छा-शक्यतेचं रूप, बरोबर. 'मेन' आणि 'दे' ही 'एकीकडे-दुसरीकडे'वाली अव्ययं जिथल्या तिथे. मग गुण कशाचे गेले? अ‍ॅक्सेंटचे, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरच्या त्या बारीक टोच्यांचे. सगळेच्या सगळे अ‍ॅक्सेंटचे!

'आन्थ्रोपोस तिस', कुणी एक माणूस. आन्थ्रोपोसच्या पहिल्या अक्षरावर टोचा दिला होता मी. पण मागून येणारं 'तिस' पडलं एन्क्लिटिक. त्याला स्वतःचा आघात झेपत नाही, म्हणून तो आधीच्या शब्दाच्या गळ्यात मारायचा, आणि आन्थ्रोपोसच्या शेवटच्या अक्षरावर आणखी एक टोचा द्यायचा. एका शब्दाला दोन! मी एकच दिला, तर त्याभोवती जांभळ्या शाईचं वर्तुळ आणि समासात उद्गारचिन्ह. दोन ओळी खाली 'अगाथोस', म्हणजे चांगला. त्याचा शेवटचा टोचा पुढे दुसरा शब्द आला की उलट्या बाजूला झुकवायचा, पण मध्ये स्वल्पविराम आला तर पुन्हा होता तसा सरळ करायचा. तिथेही वर्तुळ. पानाच्या तळाशी शेरा: 'ग्रीक छान, अ‍ॅक्सेंट्सकडे लक्ष द्या.' अरे, ग्रीक छान आहे ना? मग द्या की गुण!

नाटककार सोफोक्लीस इ.स.पू. 406 मध्ये गेला. ह्या खुणांचं श्रेय परंपरेनं दिलं जातं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपालाला, बायझँटियमच्या अरिस्टोफेनीसला. इ.स.पू. 200 च्या आसपासची गोष्ट. म्हणजे सोफोक्लीसनं जन्मात एक टोचा दिला नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन अथेन्सचे शिलालेख बघा: सगळी मोठी अक्षरं, दोन शब्दांत धड जागासुद्धा नाही. बरं, हा आघात म्हणजे मुळात वेदातल्या उदात्तासारखा चढा स्वर होता. आमच्या वर्गात स्वर लावून कोण वाचतं? कुणीही नाही, सर पण नाहीत. जे कुणाला ऐकूच येत नाही त्याचे गुण कापतात! खुद्द ग्रीसनं 1982 साली हा पसारा आवरून एका टोच्यावर आणला. आपण 1962 मध्ये न उच्चारले जाणारे अनुस्वार उडवले, तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही. पण इंग्लंडमधल्या आमच्या डिपार्टमेंटला ग्रीकांपेक्षा ग्रीकची काळजी जास्त.

आणि वर्गात ते एक वाक्य ठरलेलं. 'तुला सोपं जात असेल ना, तुमचं संस्कृत आहे!' हो, दहावीला स्कोअरिंग म्हणून घेतलं होतं. रामः रामौ रामाः आणि पाठ केलेली सुभाषितं. त्या भांडवलावर ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसची भाषणं सोडवायची म्हणे. हे बोलणारी पोरं आठव्या वर्षापासून खाजगी शाळेत लॅटिन शिकलेली, आणि आम्ही इथे येऊन अल्फा-बीटापासून सुरुवात केलेले. परीक्षेला दोघंही एकाच हॉलमध्ये.

क्रियापदांबद्दल तर बोलायलाच नको. लॅटिनमध्ये फेरो, तुली, लातुम. ग्रीकमध्ये फेरो, ओइसो, एनेंका. 'वाहून नेणे' एवढं साधं काम, आणि दोन्ही भाषांना त्यासाठी एक धातू पुरत नाही! ते सोडवायला लोएबची हिरवी-लाल पुस्तकं (एका पानावर मूळ, समोर भाषांतर) हातात घेतली की सर असं बघतात जणू परीक्षेत गाईड काढलंय. त्या जुन्या लोएबांचीही एक तऱ्हा. रोमन कवी मार्शलच्या चावट कवितांचं भाषांतर इटालियनमध्ये! लॅटिन येत नाही म्हणून पुस्तक उघडावं, तर आता इटालियन शिका.

रात्री घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज, 'ग्रीक-लॅटिन सगळं संस्कृतातूनच निघालंय, हे विल्यम जोन्सनीच सांगितलंय.' काका, तो इंग्रज संस्कृत-पंडित जोन्स 1786 मध्ये म्हणाला की तिन्ही भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ आता कदाचित उरलंही नसेल. संस्कृतची स्तुती केली होती त्यानं, पण अर्ध्यावरच फॉरवर्ड थांबवायची ही कुठली पद्धत? हे मी तिथे सविस्तर लिहिलं, सालासकट. शिवाय काकांनी शेवटी 'आशिर्वाद' लिहिलं होतं, तेही दुरुस्त केलं. शि दीर्घ हवी म्हणून सांगितलं. नियमही टाकला.

आईचा लगेच खाजगीत मेसेज. 'तुझ्या त्या सरांसारखीच झालीस तू.'

जांभळं पेन मी घेणार नाहीये, एवढं सांगून ठेवते. उद्या सकाळी नऊला लॅटिन आहे, रोमन वक्ता सिसेरो, आणि त्याचं क्रियापद वाक्याच्या शेवटी येईपर्यंत माझी कॉफी गार होते. कुणाकडे एन्क्लिटिकचं सुटसुटीत कोष्टक असेल तर पाठवा. आणि काकांना कुणीतरी माझ्या वतीनं सॉरी म्हणा, मी म्हटलं तर पुन्हा जोन्सवरून सुरुवात होईल.