पासपोर्टवर फोडलेलं खापर

एप्रिल उजाडला, डीएनए दिवस जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: १९५२ साली अमेरिकन सरकारनं रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना कम्युनिस्टधार्जिणे ठरवून पासपोर्ट नाकारला. त्यामुळे त्यांना लंडनला जाता आलं नाही, तिथल्या किंग्ज कॉलेजच्या रोझालिंड फ्रँकलिन यांच्याकडचा डीएनएचा तो प्रसिद्ध क्ष-किरण फोटो बघता आला नाही, आणि डीएनएची रचना केंब्रिजच्या वॉटसन-क्रिक यांच्या पदरात पडली. नाहीतर पॉलिंग यांचं तिसरं नोबेल ठरलेलंच होतं. वर फोडणी म्हणून: केंब्रिजला शिकणाऱ्या मुलानंच बापाचं गुपित फोडलं.

गोष्ट झकास जमलीय. सरकार खलनायक, मुलगा घरभेदी, मधे अडकलेला प्रतिभावंत. पंचाईत एवढीच, की पॉलिंग कागद फेकणाऱ्यांपैकी नव्हते. आलेली पत्रं, धाडलेल्या पत्रांच्या कार्बन कॉपी, संशोधनाच्या ४६ वह्या, असं सगळं बाड आज कॉर्व्हॅलिसला ओरेगन स्टेट विद्यापीठात आहे. त्यातल्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की या मजकुराचे टाके उसवायला लागतात.

आधी खरं काय ते मान्य करून टाकू. पासपोर्ट नाकारला होता, आणि तो शुद्ध खोडसाळपणा होता. लंडनच्या रॉयल सोसायटीत १ मे १९५२ला प्रथिनांच्या रचनेवर बैठक होती. पॉलिंग आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट कोरी यांनी वर्षभरापूर्वी मांडलेल्या अल्फा हेलिक्सवरच, म्हणजे प्रथिनाच्या साखळीच्या स्प्रिंगसारख्या पिळावरच, तिथं चर्चा व्हायची होती. म्हणजे लग्न ठरलं आणि नवरदेवालाच मांडवाबाहेर थांबवलं. पासपोर्ट खात्याच्या प्रमुख रूथ शिप्ली यांनी फेब्रुवारीत कळवलं, की तुमचा प्रवास अमेरिकेच्या हिताचा नाही. पॉलिंग यांनी थेट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना पत्र लिहिलं. युद्धकाळातल्या कामाबद्दल त्यांना १९४८मध्ये जे पदक मिळालं होतं, ते याच ट्रुमन यांच्या सरकारनं दिलेलं. तरीही पासपोर्ट काही वेळेत मिळाला नाही. त्या खात्याची जेवढी निंदा करावी तेवढी थोडी.

पण त्यावरून डीएनए हुकलं?

मेमध्ये गेले असते तर फोटो दिसला असता, हा पहिला दावा. ‘फोटो ५१’ म्हणून जो ओळखला जातो, तो फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत रेमंड गॉसलिंग यांनी घेतला तोच मुळी मे १९५२च्या पहिल्या आठवड्यात. बैठक एक तारखेची. त्या दिवशी लंडनला पोचलेल्या पाहुण्याला तो दाखवणार कसा?

शिवाय किंग्ज कॉलेजचे फोटो पॉलिंग यांना हवे होते, हे तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होतं. १९५१च्या उन्हाळ्यात त्यांनी किंग्जमध्येच डीएनएवर काम करणाऱ्या मॉरिस विल्किन्स यांना पत्र लिहून ते मागितले होते. विल्किन्स यांनी टाळलं. मग पॉलिंग यांनी विल्किन्स यांचे वरिष्ठ जॉन रँडल यांना लिहिलं. रँडल यांचं ऑगस्टमधलं उत्तर सभ्य पण ठाम आहे: आमची माणसं या फोटोंचा अर्थ लावतायत, ते तुमच्या हाती देणं त्यांच्यावर अन्याय होईल. हा नकार पासपोर्टच्या भानगडीआधी सहा महिने आलेला आहे, आणि तो देणारे वॉशिंग्टनचे नव्हते, लंडनचे होते.

आणि मेच्या बैठकीला पॉलिंग यांच्याऐवजी गेलं कोण? कोरी. अल्फा हेलिक्समधले भागीदार आणि क्ष-किरण फोटो वाचण्यात वाकबगार. ते किंग्जला गेले, फ्रँकलिन यांच्याकडचे फोटो त्यांनी पाहिले आणि पॅसाडेनाला, म्हणजे ते आणि पॉलिंग जिथं काम करायचे त्या कॅलटेक संस्थेत, परतले. आपल्याच खोलीशेजारचा माणूस ते बघून आला होता, तरी पॉलिंग यांच्या टेबलावर डीएनए वर सरकलं नाही.

आता जुलै. हा महिना फॉरवर्डमधून कायम गायब असतो. खूप आरडाओरडा झाल्यावर जुलै १९५२मध्ये पॉलिंग यांना मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळाला. ते पॅरिसला जीवरसायनशास्त्राच्या परिषदेला गेले. तिथून जवळच रोयोमॉंला विषाणूंवर काम करणाऱ्यांची बैठक होती. आनुवंशिकतेचा कारभार प्रथिनांकडे नाही, डीएनएकडे आहे, हे दाखवणारा हर्शी-चेस यांचा ताजा प्रयोग त्यांनी तिथं ऐकला. त्यानंतर ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला फिरले, क्रिकना भेटले. दोघांचं टॅक्सीत बोलणं झालं ते अल्फा हेलिक्स एकमेकांभोवती पीळ घेतात का, यावर. प्रथिनं, पुन्हा प्रथिनंच. लंडनचं किंग्ज कॉलेज रेल्वेनं काही तासांवर होतं आणि पासपोर्ट खिशात होता. पॉलिंग तिकडे फिरकले नाहीत.

माझ्या मते वादाचा निकाल इथंच लागतो. पण डिसेंबर बघितल्याशिवाय चूक कुठं झाली ते कळत नाही, आणि रसायनशास्त्र शिकलेल्यांना खरी मजा तिथंच आहे.

२५ नोव्हेंबर १९५२ला बर्कलीचे रॉब्ली विल्यम्स कॅलटेकला व्याख्यान द्यायला आले. त्यांनी न्यूक्लिक आम्लाच्या धाग्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवले. गोल, लांबट धागे. दुसऱ्याच दिवशी पॉलिंग कागद-पेन्सिल घेऊन बसले. हाताशी फोटो होते ॲस्टबरी आणि बेल यांचे, १९३८च्या सुमाराचे. डीएनएची कोरडी आणि ओली अशी दोन रूपं असतात, हे फ्रँकलिन यांनी वेगळं करून दाखवलेलं. जुन्या फोटोंत दोन्हींची सरमिसळ होती. घनतेवरून पॉलिंग यांनी हिशेब मांडला आणि उत्तर आलं: तीन साखळ्या. धाग्यात बरंच पाणी मुरलेलं असतं. त्याचं वजन डीएनएच्या खात्यावर पडलं, मग साखळ्या जास्तच येणार.

डीएनएच्या साखळीचा कणा साखर आणि फॉस्फेटचा असतो, आणि त्याला ‘बेस’ नावाचे चार प्रकारचे घटक लटकलेले असतात. त्या तीन साखळ्यांचे फॉस्फेट त्यांनी मधोमध ठेवले आणि बेस बाहेर तोंड करून. फॉस्फेटवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलणार. म्हणून प्रत्येकाला हायड्रोजन चिकटवून भार मिटवला आणि हायड्रोजन बंधांनी सगळं बांधलं. कागदावर बसलं छान. फक्त पेशीत जेवढी आम्लता असते, तिथं हा हायड्रोजन फॉस्फेटवर टिकत नाही, आणि टिकला तर त्या पदार्थाला आम्ल म्हणायचं कशासाठी? रासायनिक बंधांवरचा शतकातला सर्वांत अधिकारी माणूस नावातच आम्ल असलेल्या पदार्थाचं आम्लपण विसरला. महिनाभरात निबंध तयार झाला आणि ३१ डिसेंबरला रवाना झाला. अल्फा हेलिक्सचं कोडं त्यांनी १९३७पासून मनात घोळवलं होतं. इथं पाच आठवडे.

डीएनएत ठरावीक बेस एकमेकांइतक्याच प्रमाणात असतात, हे दाखवणाऱ्या एर्विन शारगाफ यांचं काम तर त्यांना घरबसल्या नव्हे, बोटीवर बसल्या ऐकायला मिळालं होतं. १९४७च्या अखेरीस इंग्लंडला जाताना दोघं एकाच बोटीवर होते. शारगाफ सांगत होते, पॉलिंगना माणूस आवडला नाही, त्यामुळे माहितीही कानाआड गेली. यातही पासपोर्टचा संबंध नाही.

राहिला मुलगा. पीटर पॉलिंग १९५२च्या शरदापासून केंब्रिजला वॉटसन-क्रिक यांच्याच खोलीत बसत होते. वडिलांना लिहिलेल्या जानेवारीतल्या एका पत्रात ते गंमत सांगतात: लहान मुलांना जसा बागुलबुवा दाखवतात, तसं इथं किंग्जवाल्यांना सांगतात, नीट काम करा, नाहीतर पॉलिंगचं न्यूक्लिक आम्लाकडे लक्ष जाईल. हे पत्र गुप्तहेराचं वाटतं का? निबंधाची प्रत पॉलिंग यांनी स्वतःहून मुलाला धाडली, आणि केंब्रिजच्या त्या प्रयोगशाळेचे प्रमुख ब्रॅग यांनाही धाडली. फेब्रुवारीत तो छापूनच येणार होता. वॉटसन यांनी तो वाचला, चूक दिसली आणि जानेवारीअखेर तो घेऊन ते किंग्जला गेले. तिथं विल्किन्स यांनी त्यांना फोटो ५१ दाखवला. गुपित कुणाचं फुटलं असेल तर फ्रँकलिन यांचं. पण फॉरवर्डात त्यांच्या वाट्याला फोटोच्या मालकीण एवढीच भूमिका.

केंब्रिजच्या त्याच खोलीत जेरी डोनोह्यू बसायचे, पॉलिंग यांच्याच कॅलटेकला तयार झालेले रसायनशास्त्रज्ञ. वॉटसन यांनी पुस्तकातून घेतलेली बेसची रूपं चुकीची आहेत, हे त्यांनी सांगितलं, आणि बेसच्या जोड्या जुळल्या. घरभेदीच शोधायचा असेल तर मुलापेक्षा हा उमेदवार बरा. तोही बिचारा फक्त विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देत होता.

एप्रिल १९५३मध्ये ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेला जाताना पॉलिंग वाटेत केंब्रिजला उतरले, मॉडेल बघितलं, फोटोही बघितला आणि हार मान्य केली. पुढं पासपोर्टची सबब इतरांनी काढली. पॉलिंग मात्र एक घरातला किस्सा स्वतःच सांगायचे. या सगळ्यानंतर पत्नी एव्हा हेलन यांनी त्यांना विचारलं होतं, की प्रश्न एवढा महत्त्वाचा होता, तर तुम्ही त्यावर जास्त मेहनत का नाही घेतलीत?