कापलेल्या फांदीला डांबर नको

‘उन्हाळ्यातील फळबागेची पाच सूत्रे’ नावाचा संदेश सध्या सर्वत्र फिरत आहे. तो वाचून माझ्या धाकट्या भावाने सफरचंद आणि बदामाच्या झाडांच्या ताज्या कापांवर डांबर फासले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पहिले सूत्र म्हणते की कापावर डांबर किंवा तैलरंग लावल्यास झाड कुजत नाही. पाचांत सर्वांत घातक सूत्र हेच. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. जखमी लाकडाभोवती आतून अडसर उभे करून झाड कूज पसरू देत नाही आणि कडेने नवी साल वाढवत तो भाग झाकून टाकते. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो आणि वॉल्टर शॉर्टल यांनी १३ वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. लेपांमुळे कूज टळते, असे त्यांत दिसले नाही. उलट लेपाखाली ओल कोंडून राहू शकते. खरे महत्त्व काप कोठे घेतला याला आहे: फांदी खोडाला मिळते तेथील फुगीर कड शाबूत ठेवावी आणि खुंटही सोडू नये. एखाद्या विशिष्ट रोगासाठी तज्ज्ञाने सुचवलेला ताम्रयुक्त लेप ही वेगळी बाब आहे. तिचा आधार घेऊन डांबराचे समर्थन होत नाही.

‘एकही कोवळे फळ तोडू नका’ हे दुसरे सूत्रही नुकसानकारक आहे. सफरचंदाची पुढील वर्षाची फुलकळी याच उन्हाळ्यात घडू लागते आणि वाढत्या फळांतील बियांमधून येणारी संप्रेरके तिला अडवतात. विरळणी, म्हणजे काही कोवळी फळे तोडून गर्दी कमी करणे, टाळली की फळे लहान राहतात, फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षी बहर हुकतो. बदाम-अक्रोडांची अशी विरळणी सहसा करत नाहीत, हे मात्र संदेशकर्त्याला ठाऊक असावे असे वाटत नाही.

रोज बुंध्याशी थोडे पाणी घालणे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन खोडाला टेकवणे या दोन सूत्रांनी बुंधा सतत ओला राहतो व कुजतो. अन्न-पाणी शोषणारी मुळे दूरवर पसरलेली असतात. पाणी तेथे, खोलवर आणि अंतराने द्यावे.

खोडाला पांढरा चुना लावण्याचे पाचवे सूत्र तेवढे मान्य करावे लागेल, कारण त्यामुळे साल उन्हाने भाजत नाही.

फासलेले डांबर आता खरवडू नकोस, असे मी भावाला सांगितले आहे. त्या भरात कडेची नवी सालही सोलली जाईल.