खर्च ताई करणार, पण आई परत येणार हे कोण सांगणार?

आईचा जर्मनीचा व्हिसा पहिल्या खेपेला नाकारला गेला, तेव्हा मी सगळं खापर जर्मनांवर फोडलं होतं. आता वाटतं, चूक आमचीच. आमची आणि त्या एजंटची, ज्याने छातीठोक सांगितलं होतं, 'बहीण खर्च करतेय ना? मग आईचे कागद कशाला?'

ताईने तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगाराच्या पावत्या दाखवून, २९ युरो भरून हमीपत्र काढलं. हे साधं बोलावण्याचं पत्र नव्हे. आईचा राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा खर्च तिथल्या सरकारवर पडला तर तो ताईकडून वसूल होणार, असं कायद्याने बांधून घेतात. वर ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. एवढं झाल्यावर आणखी काय हवं? पण नकाराच्या कागदावर खूण होती ती 'परत जाण्याचा इरादा पटत नाही' या कारणापुढे. पैशाबद्दल चकार शब्द नाही.

आता गंमत बघा. अर्ज केला फेब्रुवारीत, स्टेटमेंट जोडलं नोव्हेंबर ते जानेवारीचं. देवगडात आमच्या आंब्याच्या बागेचा पैसा हातात येतो मे-जूनला! त्या तीन महिन्यांत खात्यातून फक्त पैसे गेलेले, फवारणीला नि गड्यांच्या मजुरीला. शिल्लक ४,२१२ रुपये. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्नही नाही. थोडक्यात, कागदावरची आई म्हणजे कमाई नसलेली विधवा, मुलगी परदेशात. टेबलापलीकडच्या माणसाला आंब्याची कलमं दिसतात थोडीच! (हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आईला कुठे मिळालंय?)

भावोजी म्हणाले, 'तीन लाख आईंच्या खात्यात टाकतो, दुसरा अर्ज करा.' मी स्पष्ट नको म्हटलं. तीन महिने चार-पाच हजारांवर असलेल्या खात्यात अर्जाच्या तोंडावर तीन लाख उगवले, तर शेंबड्या पोरालाही संशय येईल.

दुसरा अर्ज जूनमध्ये. या वेळी बारा महिन्यांचं स्टेटमेंट, वाशीच्या दलालाच्या हिशेबपट्ट्या, सोसायटीचं पीककर्ज, आठ-अ आणि सातबारा हे जमिनीचे उतारे. सातबाऱ्यावर चुलत्यांसकट अकरा नावं, त्यात आईचं नववं. सगळं इंग्रजीत करून घ्यायचं होतं. भाषांतर करणारी मुलगी 'पोटखराबा'शी (म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीशी) अडली आणि 'सर, हा आजार आहे का?' म्हणून मलाच फोन केला. सोबत मी एक पानभर पत्र लिहिलं: पैसा मे-जूनलाच का दिसतो, बाग कोण बघतं, गणपती आमच्याच घरी का बसतो. ९० युरो फी पुन्हा भरली. रातराणीने पुन्हा मुंबई, सकाळी सातला दादरला चहा.

नातेवाइकाच्या आधारावर जाण्यात कमीपणा काही नाही, पण त्याच्या हमीने खर्च कोण करणार एवढंच कळतं. घरी परतायचं कारण ज्याचं त्यालाच दाखवावं लागतं, आणि आपल्याकडे ते बँकेत कमी, बागेत जास्त असतं.

व्हिसा आला. या व्हिसावर शेंगेनमध्ये, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या समाईक व्हिसाच्या देशांत, जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येतं, हे मी आईला कौतुकाने सांगायला गेलो.

'नव्वद दिस कित्याक? माका चवथीक घराक येवक होया.'