लाईन कशी वापरावी : नवशिक्यांसाठी

इंग्रजी येत नाही म्हणून रडत बसू नका. एक 'लाईन' शब्द नीट बसवून घ्या, महाराष्ट्रात आख्खा जन्म निघतो.

मुंबईत स्थळ बघताय? पत्रिका नंतर, आधी लाईन विचारा. पगार, स्वभाव, सासूबाई सगळं चालवून घेता येतं हो, पण मुलगा विरारचा आणि मुलगी बदलापूरची म्हणजे वेस्टर्न-सेंट्रलची सोयरीक, निम्मा संसार दादरचा पूल चढण्यात जाणार. सेंट्रलवाले सासरे भेटले तर 1853 साली बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी आमच्याच लाईनवर धावली हे ते सांगणारच, मान डोलवा, आजची 8:12 किती वाजता आली हे मात्र विचारू नका. हार्बरवाल्यांशी जरा प्रेमाने बोला.

मग प्रश्न येतो, "काय लाईनमध्ये आहात?" इथे ट्रेनचं नाव घेतलंत की स्थळ गेलं. झेरॉक्सचं दुकान असलं तरी बिनधास्त 'कम्प्युटर लाईन' म्हणा. 'मेडिकल लाईन' म्हणालात तर औषधाच्या दुकानात खोके उचलणाऱ्यालासुद्धा पोह्यांवर जास्तीचं खोबरं मिळतं.

आता लाईन मारणे. हा आपला सांस्कृतिक वारसा असल्यामुळे ती पण लाईन देते की नाही हे तिला विचारायची पद्धत नाही, ते बाईकवर मागे बसलेला मित्र ठरवतो. ती नको म्हणाली तरी क्लासपासून घरापर्यंत रोज मागे मागे जायचं, मित्रमंडळी याला प्रेम म्हणतात, कायदा मात्र 2013 पासून याला पाठलाग म्हणतो आणि पहिल्याच गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत आत टाकू शकतो. आत जाऊन आलात की घरचे समाधानाने सांगतात, पोरगा आता लाईनवर आला.

विदर्भात जाणार असाल तर वेगळी तयारी लागते. तिकडे कोणी "लाईन गेली" म्हणालं की स्टेशनकडे पळू नका, करंट गेलाय. पुण्यात लाईट जातात, नागपूरला लाईन जाते, डास सगळीकडे तेच. शेती असेल तर पंपाला कधी दिवसाची लाईन कधी रात्रीची, रात्रीची असली की अडीच वाजता बॅटरी घेऊन साप चुकवत मोटर चालू करायला जायचं आणि तुम्ही बांधावर पोचलात की लाईन जाते, हा योगायोग समजावा, मनात वाईट आणू नये.

तक्रार करायचीच असेल तर फोन लावा. लाईन बिझी लागेल. लावत राहा. तासाभराने कोणीतरी उचलून सांगेल की लाईनमन लाईनवर गेलाय. कुठल्या लाईनवर म्हणून विचारेपर्यंत लाईन कट.