लांब स्लॉट दिसला म्हणून बोर्ड घेऊ नका

सोलापुरात सीसीटीव्ही बसवणाऱ्यांपासून लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडे हा सल्ला फिरतोय: "दुसरा लांब स्लॉट असलेला कुठलाही स्वस्त मदरबोर्ड घ्या, सर्व्हरमधलं जुनं आठ पोर्टचं कार्ड लावा, आठ हार्ड डिस्क जोडा. बोर्ड जेन-४ असला तर कार्ड अजून पळेल. फक्त बायफर्केशन असल्याची खात्री करा."

आधी लांबीचं. स्लॉट म्हणजे मदरबोर्डवरची पीसीआयई कार्ड लावायची खाच, लेन म्हणजे तिच्यातल्या डेटाच्या वाटा आणि जेन म्हणजे पीसीआयईची पिढी. स्लॉट एक्स१६ च्या (सोळा लेनच्या) मापाचा असला तरी आत लेन किती जोडल्यात, ते वेगळं. बी४५०, बी५५०, बी६६० च्या बहुतेक बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट थेट प्रोसेसरवरून नाही, तर चिपसेट या बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून येतो आणि त्यात चारच लेन असतात. काही स्वस्त बोर्डांवर तर एकच. दुकानात खोक्यावरचं चित्र पाहू नका, मॅन्युअलच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर 'रनिंग ॲट' च्या पुढचा आकडा वाचा. बोर्ड हातात असेल तर उलटा करा: लेन कमी असल्या की स्लॉटखालचे सोल्डरचे ठिपके बहुधा अर्ध्या वाटेतच संपतात.

यानं फरक किती पडतो? एलएसआय ९२११-८आय हे आठ लेनचं जेन-२ कार्ड. एका लेनला सेकंदाला ५०० एमबी, म्हणजे आठ लेनला ४०००, चारला २०००. आठ हार्ड डिस्क एकदम वाचल्या तर १६०० ते २००० लागतात, त्यामुळे चार लेनवर काम निभतं. सल्ल्यातला एवढा भाग खरा. एका लेनवर मात्र प्रत्येक डिस्कच्या वाट्याला जेमतेम ६० येतात. रोजच्या रेकॉर्डिंगला हे जाणवतही नाही. ४ एमबीपीएसचे ३२ कॅमेरे मिळून सेकंदाला १६ एमबीच लिहितात. जाणवतं ते डिस्क मेल्यावर. ८ टीबीची डिस्क रीबिल्ड व्हायला (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरायला) ११-१२ तास लागायचे, तिथे दीड दिवस उलटून जातो, आणि तेवढा वेळ बाकीच्या डिस्कवर ताण.

जेन-४ मुळे कार्ड पळत नाही. दोघांत जो जुना, त्याचा वेग. लेन चारच मिळणार असतील तर जेन-३ चं ९२०७-८आय घ्या, चार लेनला जवळपास ३९०० मिळतात. पण बी४५० च्या चिपसेटचे स्लॉटच जेन-२ चे, तिथे हा फायदा नाही.

बायफर्केशनचा, म्हणजे एका स्लॉटच्या लेन वेगवेगळ्या भागांत वाटण्याचा, इथे काहीच संबंध नाही. एका कार्डावर दोन-चार एम.२ एसएसडी नुसत्या बसवलेल्या असतात, तिथे ते लागतं.

आता सल्ल्यात नसलेल्या गोष्टी. बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी बसवली की हा लांब स्लॉट बंद होतो. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कार्ड गायब होतं आणि बिचाऱ्या कार्डाला 'डेड' ठरवून परत पाठवलं जातं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल (इंटेलच्या 'एफ' मॉडेलमध्ये नसतं), तर सरळ पहिल्या स्लॉटात कार्ड लावा.

डेलच्या एच३१० सारख्या कार्डानं काही बोर्डांवर पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. अशा वेळी कार्डाच्या चिप असलेल्या बाजूला, ब्रॅकेटकडून मोजत पाचव्या-सहाव्या पिनवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप) बारीक पट्टी लावतात. त्या एसएमबसच्या, म्हणजे देखरेखीच्या संदेशांच्या पिना. डेटाला त्यांची गरज नसते.

आणि उष्णता. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली; ९२११ ला मिनिटाला २०० फूट वेगाची हवा लागते. मे महिन्यात इथे बाहेरच ४२-४३ अंश, कॅबिनेटच्या आत विचारू नका. हीटसिंकवर ४० मिमीचा पंखा स्क्रूनं बसवा. दुपारी एकदम तीन-चार डिस्क गायब होत असतील तर डिस्क बदलण्याआधी हीटसिंकला हात लावून बघा.

सगळं जोडल्यावर लिनक्समध्ये एलएसपीसीआय कमांडनं किंवा विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामनं लिंकची विड्थ, म्हणजे कार्डाला खरंच किती लेन मिळाल्या, ते तपासा. डिस्क एकही दिसली नाही तर आधी केबल बघा: 'फॉरवर्ड ब्रेकआउट' (कार्डाच्या एका सॉकेटमधून चार डिस्कना फाटे देणारी) हवी. 'रिव्हर्स' हुबेहूब तशीच दिसते, पण या जोडणीत चालत नाही.